बडोद्याची पुस्तकपेटी

शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक कुलूपबंद कपाट, ही आपल्यापैकी पुष्कळांची बालपणीची आठवण असेल. गेल्या वर्षी बदलीच्या गावी मुलीला तिसरीत घालताना तेच कपाट मला पुन्हा भेटले. काचेआड पुस्तके नीट लावलेली होती आणि त्यांच्या कडांवरची धूळही तितकीच नीट बसलेली होती. मुले पुस्तके फाडतात, हरवतात आणि भरपाई शिक्षकाच्या अंगावर येते, असे मला सांगण्यात आले. मी स्वतः सरकारी कारकून; डेडस्टॉकच्या नोंदवहीत एक वस्तू कमी भरली तर काय होते हे मला ठाऊक आहे. त्यामुळे शिक्षकांना दोष देववेना. परंतु पुस्तक जपावे की मुलाच्या हाती द्यावे, हा प्रश्न मनातून जाईना. आणि त्याचे उत्तर शोधीत मी बडोद्याच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचलो.

महाराष्ट्राबाहेर मराठी माणसाने जी कामे केली, त्यांत बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचे स्थान फार वरचे आहे. तिचे मूळ प्राथमिक शिक्षणात आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी वाढलेला एक मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आला आणि त्यानंतरच त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. हेच तिसरे सयाजीराव गायकवाड. अक्षराची किंमत ज्याला उशिरा कळते त्याला ती अधिक कळते, असे त्यांच्याकडे पाहून वाटते. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराचा अधिकार हाती आल्यावर त्यांनी शिक्षणाकडे लक्ष वळविले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ च्या कायद्याने तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखल्यांनी १९११ साली याच हेतूने मांडलेले विधेयक पुढच्याच वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याच्या पावलाचे मोल कळून येते.

परंतु शाळा काढल्याने काम संपत नाही. चार यत्ता शिकलेला मुलगा शेतावर वा दुकानावर जाऊ लागला आणि त्याच्या दृष्टीस पुन्हा पुस्तक पडले नाही, तर शिकलेले अक्षर काही वर्षांत पुसले जाते. मग शाळेवर केलेला सगळा खर्च वाळूवर ओतलेल्या पाण्यासारखा होतो. अक्षर टिकवावयाचे तर वाचावयास काहीतरी हवे आणि ते घराजवळ, विनामूल्य हवे. १९०६ साली अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणविले. राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह लोकांसाठी देण्यात आला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बॉर्डन यांनी ग्रंथपालनाचे वर्ग चालवून येथील माणसे तयार केली व १९१३ मध्ये ते परत गेले. त्यांच्यामागे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ही धुरा वाहिली.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालयातील मुलांचा स्वतंत्र विभाग. तेथे चित्रांची पुस्तके होती आणि खेळही होते. मूल खेळावयास म्हणून यावे आणि जाताना पुस्तक उघडून जावे, हा त्यामागील विचार. मुलांनी वाचावयाचे काय, याचीही काळजी घेतली गेली. श्री सयाजी बालज्ञानमालेत मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत लहान मुलांसाठी सुबोध पुस्तके निघाली.

दुसरी गोष्ट फिरत्या वाचनालयांची. ज्या गावात ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके घालून ती पाठविली जात. शिक्षकासारख्या जबाबदार गृहस्थाच्या स्वाधीन ती करावयाची, दोन-तीन महिन्यांनी परत मागवावयाची आणि दुसरी पाठवावयाची. वाहतुकीचा खर्चही सरकार सोशी. ज्या गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असे, त्याने खर्चाचा तिसरा हिस्सा उभा करावा, बाकीचे दोन हिस्से सरकार व प्रांतपंचायत यांनी द्यावेत, असा नियम होता. या कामात मोतीभाई अमीन या गुजराती शिक्षकाने आयुष्य वेचले. चरोतर भागात 'मित्रमंडळ' या नावाने वाचनालये काढण्याचा त्यांचा उद्योग सरकारी योजनेच्याही आधीचा. राजा मराठी, सल्लागार अमेरिकन आणि गावोगाव हिंडणारा कार्यकर्ता गुजराती, असा हा योग होता.

पुस्तके तेव्हाही फाटत असतील, हरवतही असतील. फरक एवढाच की, बडोद्याच्या व्यवस्थेने पुस्तकाचे फिरणे हाच त्याचा उपयोग मानला होता. कपाटात शाबूत राहिलेले पुस्तक हिशेबात जमेला दिसते. मुलाच्या खात्यावर मात्र ते खर्चीच पडलेले असते. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून ते शहर गुजरातेत आहे. मध्यवर्ती ग्रंथालयाचे दार त्यानंतरही वाचकांसाठी उघडे राहिले.

आपणां परमुलखातील नोकरदारांची अडचण दुहेरी आहे. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी वाचतात. मराठी ती बोलतात, पण वाचीत नाहीत. अमरेलीच्या शेतकऱ्याच्या मुलाचे अक्षर जसे पुसले जाण्याची भीती होती, तसेच आपल्या मुलांचे मराठी अक्षर पुसले जात आहे, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत. येथे दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्यास मोठे ग्रंथालय कोठून उभारता येणार? पण पेटी हलविता येते.

आम्ही चार मराठी कुटुंबांनी यंदा तेवढेच केले. एका जुन्या ट्रंकेत बावीस मराठी बालपुस्तके घातली. दर दोन महिन्यांनी ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते. कुलूप लावावयाचे नाही, हा एकच नियम. गेल्या खेपेस ट्रंक परत आली तेव्हा एक पुस्तक कमी भरले आणि दुसऱ्याची दोन पाने सुटलेली होती. नोंदवहीत मी ते सवयीने लिहून ठेवले. मग मुलगी म्हणाली, "बाबा, ते पुस्तक हरवलं नाही. माझ्या मैत्रिणीकडं आहे. तिचं अजून वाचून व्हायचंय." मी ती नोंद खोडून टाकली.