चार दिवसांचे वर्ष

आपल्या पंचांगात पूर्वाभाद्रपदा नावाचे नक्षत्र आहे. त्यातल्या दोन ठळक ताऱ्यांच्या पश्चिमेला एक मंद तारा आहे. रात्र अंधारी आणि नजर चांगली असेल, तरच तो जेमतेम दिसतो. त्याचे नाव '५१ पेगासी'. सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा आपल्या सूर्यासारखाच आहे. दुसऱ्या सूर्यांनाही ग्रह असतात का, या जुन्या प्रश्नाचे पहिले खात्रीचे उत्तर १९९५ साली इथे मिळाले.

'ग्रह सापडला' अशी दवंडी त्याआधीही अनेकदा पिटली गेली होती. त्यातला एक धागा पुण्याशी जुळतो. कॅप्टन विल्यम जेकब या इंग्रजाने १८४२ साली पुण्यात खासगी वेधशाळा उभारली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८५५ साली एका जोडताऱ्याच्या चालीतला फरक पाहून तिथे ग्रह असावा, असे त्याने म्हटले. १८६२ साली पुण्यातच तो वारला. पण त्याचा ग्रह काही खरा ठरला नाही. असे दावे नंतरही फसत गेले. त्यामुळे हा विषय काढणे म्हणजे स्वतःची पत पणाला लावणे होते.

स्वित्झर्लंडचे मिशेल मेयर आणि त्यांचा विद्यार्थी दिदिए केलो यांना याची जाणीव होती. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ते ताऱ्यांचा प्रकाश तपासत होते. ग्रह दिसत नाही. पण तो आपल्या ताऱ्याला किंचित ओढतो. तारा आपल्याकडे सरकला की त्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो, दूर गेला की तांबड्याकडे. ५१ पेगासी असाच डुलत होता, सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने. हिशेब निघाला तो चक्रावणारा! गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा ग्रह, आणि त्याचे वर्ष अवघे सव्वाचार दिवसांचे. आपल्या गुरूला एका फेरीला सुमारे १२ वर्षे लागतात. हा ग्रह मात्र बुधापेक्षाही कितीतरी जवळून, हजारेक अंशांच्या तापात फिरत होता.

दोघांनी घाई केली नाही. तारा पुन्हा वेधासाठी नीट दिसू लागेपर्यंत, जुलै १९९५ पर्यंत ते थांबले. तेव्हा तो कसा डुलेल याचे भाकीत आधीच मांडले आणि ते जुळले. ६ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लॉरेन्सच्या परिषदेत त्यांनी शोध जाहीर केला. अमेरिकेतल्या जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी काही दिवसांतच त्याला दुजोरा दिला.

या दोघा अमेरिकनांकडे कित्येक वर्षांच्या नोंदी पडून होत्या. मोठा ग्रह म्हणजे लांबची कक्षा, अनेक वर्षांची फेरी, हे गृहीत धरल्याने त्या तपासण्याची घाई त्यांना नव्हती. आता तपासल्यावर १९९६ च्या जानेवारीत त्यांनी आणखी दोन ग्रह जाहीर केले. ताऱ्याच्या अगदी जवळही मोठा ग्रह असू शकेल, असे ओटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ सालीच लिहून ठेवले होते. फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. दुसऱ्याचे घरही आपल्याच घरासारखे असणार, असे आपण किती सहज धरून चालतो!

मेयर आणि केलो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आज अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांतल्या अनेकांची मांडणी आपल्या सूर्यमालेशी मुळीच जुळत नाही.