चाळीची डागडुजी कोणी करावयाची?

मुंबईच्या चाळींविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. गॅलरीतल्या गप्पा, नळावरची भांडणे, गणपतीची आरास या गोष्टी नाटकांतून घरोघर पोचल्या. पण ज्या तुळयांवर हा सारा संसार उभा होता, त्यांची काळजी कोण वाहत होते? चाळीचा इतिहास पाहावयाचा तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

गिरण्या वाढल्या, माणसे आली, आणि भाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या. सागवानी सांगाडा, विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौले. अशी इमारत पिढ्यान् पिढ्या टिकते. तिला ओल मात्र सोसत नाही. मोरी गळू लागली की तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते, तिथे पाणी मुरते आणि लाकूड नेमके न दिसणाऱ्या जागी कुजते. वरून रंग दिला की सारे ठाकठीक, आत पोकळ! पुढच्या काँक्रीटच्या इमारतींत लोखंड गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. दोन्हीकडे शत्रू एकच, पाणी.

आता पैशाचे पाहू. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धानंतरच्या टंचाईत गोरगरिबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे वाचले, हे विसरून चालणार नाही. दुरुस्तीचे कर्तव्य कायद्याने मालकावरच ठेवले होते. पण सागवान, चुना, मजुरी यांचे भाव चढत गेले आणि भाडे होते तिथेच राहिले. मालकाने हात आखडला. भाडेकरू म्हणे, इमारत मालकाची. मालक म्हणे, राहतात ते. मध्ये पगडी आली. जागा लाखांच्या हातबदलीने फिरू लागली, पण त्यातला पैसा तुळईपर्यंत क्वचितच पोचला.

तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर बसला. १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. त्यांतल्या १६,५०२ तर १९४० पूर्वीच्या! मंडळाने पुष्कळ इमारती सावरल्या. पण आता एका इमारतीला तीन धनी झाले आणि जबाबदारी एकाचीही धड राहिली नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे अवाजवी ठरवले. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी, पण ती त्या जुन्या भाड्यावरच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३३ जीव गेले.

मात्र सारा दोष भाडेकायद्याच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ माणसे दगावली. ती महापालिकेची होती आणि तीत पालिकेचेच कर्मचारी राहत होते. तिथे मालक गरीब नव्हता.

यावरून ध्यानात एवढेच घ्यावे. इमारतीला मालकी हक्काइतकीच एका नोंदवहीची गरज असते. कोणती मोरी केव्हा गळली, कोणती भिंत कोणी फोडली, दुरुस्तीला किती पैसा आला आणि कुठे गेला, हे तीत लिहिलेले असावे. ती मालक आणि भाडेकरू दोघांनाही पाहता यावी. धोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्यापूर्वी जाहीर होते. पण यादीत नाव येण्याच्या कितीतरी आधी मोरीचे पाणी भिंतीवर दिसू लागलेले असते. ते दिसेल त्याच दिवशी ज्याने गवंडी बोलवायचा, त्या माणसाचे नाव प्रत्येक इमारतीत ठरलेले हवे.