गंडुगली ते मालगुडी

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली तेव्हा तिच्या पडद्यावर घोडेस्वार, गुराखी आणि पिस्तूलधारी मार्शल यांचे राज्य होते. या प्रकाराला तिकडे ‘वेस्टर्न’ म्हणतात. ‘गनस्मोक’ ही मालिका 1955 ते 1975 अशी वीस वर्षे चालली आणि जेम्स आर्नेस या नटाने तीत वीसही वर्षे एकाच मार्शलची भूमिका केली. क्लिंट ईस्टवूड हा ‘रॉहाइड’ (1959-65) या अशाच मालिकेतून पुढे आला. 1964 साली सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने त्याला नायक करून चित्रपट काढला. त्याची कथा मात्र अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिंबो’ (1961) या जपानी सामुराईपटावरून उचललेली होती. दोन वैरी पक्षांच्या मध्ये उभा राहिलेला, पैशासाठी तलवार विकणारा एकटा लढवय्या हे त्यातील मूळ बीज. हे बीज पुढे कर्नाटकातही रुजले, आणि ते रुजवणारे गृहस्थ आमच्या धारवाडचे होते.

गिरीश कर्नाड यांनी दिग्दर्शित केलेला ‘ओंदानोंदु कालदल्ली’, म्हणजे ‘कोणे एके काळी’, हा कन्नड चित्रपट 1978 सालचा. होयसळांच्या काळातील दोन भाऊबंद सरदार, त्यांचे हाडवैर आणि दोन्हींकडे चाकरीला असलेले भाडोत्री योद्धे अशी ती कथा. तीवर कुरोसावांची छाया उघड दिसते. संगीत भास्कर चंदावरकरांचे होते. गंडुगली नावाच्या योद्ध्याची भूमिका तेवीस-चोवीस वर्षांच्या एका नवख्या तरुणाने केली. त्याचे नाव शंकर नाग. 1979 साली दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर त्याला मिळाला. पहिल्याच चित्रपटात असे यश क्वचितच कुणाला लाभते.

आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. हा चित्रपट पाहून घरी परतलो तेव्हा तीर्थरूपांनी एवढेच विचारले, “कानडी सिनेमा का?” त्यात राग नव्हता, केवळ नवल होते. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या येथे गेल्या, दारातली भाजीवाली, शेतावरचा वाटेकरी, कचेरीतला साहेब यांच्याशी बोलणे कानडीत; पण नाटक म्हटले की डोळे पुण्या-मुंबईकडे लागायचे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी याहून वेगळे नसावे. बेंद्रे मास्तरांची घरची भाषा मराठी आणि काव्याची कन्नड, याचा अभिमान आम्ही आवर्जून सांगतो. पण त्यांचा कित्ता गिरवायची वेळ आली की मालमड्डीच्या पुढे आमचे पाऊल पडत नसे.

शंकर नाग यांचे मूळ आडनाव नागरकट्टे. घरची भाषा कोकणी. जन्म 9 नोव्हेंबर 1954 रोजी होन्नावर तालुक्यातील मल्लापूर येथे. कारवार जिल्हा त्या वेळी, आमच्या धारवाड जिल्ह्याप्रमाणेच, मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी दोन्ही जिल्हे एकाच दिवशी म्हैसूर राज्यात गेले. शिक्षण आटोपून ते मुंबईस गेले आणि तेथे मराठी रंगभूमीने त्यांना ओढून घेतले. येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. 1842 साली सांगलीस जी भागवत नाटक मंडळी आली आणि जिचे खेळ पाहून विष्णुदास भाव्यांनी पुढच्या वर्षी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ती मंडळी करकीची. करकी हे गाव याच होन्नावर तालुक्यात आहे. तेव्हा शंकर नाग मराठी नाटकाकडे गेले ते परक्या घरी गेले असे म्हणवत नाही.

कर्नाडांच्या चित्रपटानंतर ते बंगळूरला स्थायिक झाले, पण मराठीशी नाते तुटले नाही. त्यांच्या ‘संकेत’ या नाट्यसंस्थेने जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही नाटके कन्नडमध्ये रंगमंचावर आणली. आमच्या घरी दळवींची पुस्तके कपाटात होती. दळवी कानडीतही चांगले उभे राहतात हे आम्हांस ठाऊक नव्हते.

त्यानंतर आला ‘ऑटो राजा’ (1980). रिक्षावाल्यांनी शंकर नाग यांना डोक्यावर घेतले. राज्यभर रिक्षाथांब्यांना त्यांचे नाव मिळाले आणि रिक्षांच्या पाठीवर त्यांचे चित्र आले. आमच्यासारख्या घरांनी मात्र त्यांना त्या दिवसापासून मारामारीच्या सिनेमांतला नट या खात्यात टाकले आणि खाते बंद केले. ‘मिंचिन ओटा’ (1980) किंवा ‘ॲक्सिडेंट’ (1985) यांसारखे त्यांनी दिग्दर्शित केलेले गंभीर चित्रपट आम्ही तेव्हा पाहिलेच नाहीत.

या आढ्यतेची फजिती झाली ती पुण्यात. नातलगांकडे मुक्कामास असताना आम्ही ‘22 जून 1897’ हा मराठी चित्रपट पाहिला. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी 1979 साली केलेला, चाफेकर बंधू आणि रँडचा वध यांवरचा हा चित्रपट. आरडाओरड नाही, पल्लेदार भाषणे नाहीत. वासुदेव, दामोदर, बाळकृष्ण ही वाड्यातली साधी माणसे वाटतात. तीर्थरूप सोबत होते. चाफेकरांचे नाव निघाले की त्यांचा स्वर बदलत असे. चित्रपट संपल्यावर ते म्हणाले, “असे लिहिणे आपल्याच माणसाला जमते.” पटकथा लिहिणारांत शंकर नाग यांचे नाव होते. आम्ही ते त्यांना सांगितले. “तो रिक्षावाला?” एवढेच म्हणून ते बराच वेळ गप्प बसले.

1986-87 साली दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागली तेव्हा मात्र घरात कुणी भाषेचा प्रश्न काढला नाही. आर. के. नारायण यांच्या कथा, त्यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे, एल. वैद्यनाथन यांचे संगीत, आणि 39 भागांचे दिग्दर्शन शंकर नाग यांचे. चिमुकल्या मंजुनाथचा स्वामी साऱ्या देशाला आवडला. स्वामीचे करडे वडील म्हणजे आमचे कर्नाड, आणि आई वैशाली कासरवळ्ळी. ‘मिठाईवाला’ या कथेतील जगनची भूमिका थोरले बंधू अनंत नाग यांची. ईस्टवूड दूरचित्रवाणीवरून चित्रपटात गेला. शंकर नाग चित्रपटातली तलवार खाली ठेवून दूरचित्रवाणीवर आले, आणि तेथे कुणीही कुणाला मारत नाही अशा गावाची गोष्ट त्यांनी सांगितली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामात हे श्रेष्ठ. नारायणांच्या कथांत घटना थोडी आणि माणूस जास्त. ते पडद्यावर धरून ठेवायला फार संयम लागतो.

पुढे सरकारी नोकरीत आमची बदली तीर्थहळ्ळी तालुक्यात झाली. आगुंबे त्याच तालुक्यात. कामानिमित्त जाताना ‘दोड्डमने’ पाहिली, जेथे स्वामीचे घर दाखवले होते. ओसरी, खांब, अंगणातला पावसाचा ओलावा पाहून आमच्या मालमड्डीच्या वाड्याचीच आठवण झाली. तीर्थरूपांना तसे पत्र लिहिले. उलट टपाली कार्ड आले: “मला ते मालिका पाहतानाच वाटले होते.” मालिकेतले मालगुडी स्टेशन म्हणजे शिमोग्याजवळचे अरसाळू, त्या जुन्या इमारतीत 2020 साली संग्रहालय झाले आहे.

30 सप्टेंबर 1990 रोजी पहाटे, ‘जोकुमारस्वामी’च्या चित्रीकरणासाठी लोकापूरकडे निघालेले असताना, दावणगेरेजवळ आनगोडु येथे मोटारीच्या अपघातात शंकर नाग गेले. वयाची 36 वर्षे पुरी होण्यास 40 दिवस उरले होते. अरुंधती आणि लहानगी मुलगी गाडीत होत्या; त्या बचावल्या. अरुंधती नाग याही मुंबईच्या रंगभूमीवरच्याच. शंकर यांच्या मनातले नाट्यगृह त्यांनी 2004 साली बंगळूरला ‘रंगशंकर’ या नावाने उभे केले.

त्या दिवशी हुबळीत स्टेशनबाहेरच्या रिक्षा बंद होत्या. आम्हांस धारवाडला यायचे होते. एका रिक्षावाल्याने तीर्थरूपांचे वय पाहून बसस्टँडपर्यंत नेले. समोर काचेवर शंकर नाग यांचे छायाचित्र, त्याला झेंडूचा हार. उतरल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. तीर्थरूपांनी त्याला कानडीत सांगितले, “नमगू बेकागिद्द मनुष्य.” आम्हांलाही हवा होता हा माणूस. मग पुढे मराठीतून, बहुधा स्वतःशीच, म्हणाले, “चाफेकरांचे ते यानेच लिहिले होते.” त्याला काही कळले नसावे, त्याने मान हलवली आणि तो रिक्षा वळवून निघून गेला.