माळवदाचे ओझे

नांदेडचा नंदगिरी किल्ला, कंधारचा कोट आणि १७६० सालची उदगीरची लढाई यांचा इतिहास आपण अनेकदा ऐकला आहे. परंतु ज्या छताखाली मराठवाड्याने पिढ्यान् पिढ्या पावसाळे काढले, त्या माळवदाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही तो सांगू इच्छितो. त्यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे, आणि त्या शहाणपणाचा हिशेब कोठे चुकला हेही आहे.

थंड देशांत छपराची डागडुजी हिवाळ्याच्या तोंडावर होते, कारण तेथे भय बर्फाचे. आपल्याकडे हे काम मृगापूर्वीचे. कोकणात अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तेथे उतरते कौलारू छप्पर. लातूरकडे त्याचा तिसरा हिस्साही पडत नाही, आणि उन्हाळा मात्र अंग भाजून काढतो. तेव्हा येथे सपाट मातीचे छत आले. कोणी त्याला माळवद म्हणतात, कोणी धाबे. दुपारी खाली गारवा मिळे, वर कुरडया-पापड वाळत, आणि रात्री त्यावरच अंथरुणे पडत.

त्याची रचना साधी होती. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि सर्वांत वर माती. ही मातीही वाटेल ती चालत नसे. आपल्या खेड्यांत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण, अशी जुनी विभागणी आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ती छतावर घातली तर पहिल्याच सरीला पाणी थेट चुलीवर! म्हणून माळवदावर जायची ती पांढरी माती. वैशाखात घरातली माणसे वर चढत, गवत उपटत, उंदरांची बिळे बुजवीत, पन्हळी मोकळ्या करीत, आणि पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन तो पन्हळीकडे उतार ठेवून चोपीत.

या उत्तम रीतीत एक उणीव राहिली. नवा थर दरसाल चढे. जुना खरवडून उतरविण्याची आठवण थोड्यांनाच होई. वर्षाला बोटभर माती म्हणजे काय मोठे, असे वाटे. पण हिशेब करून पाहू. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर दीड फूट माती असली, तर तिचे वजन साडेआठ टनांच्या घरात जाते. पावसात भिजली की त्याहूनही अधिक. आजाने घातलेली माती, बापाने घातलेली माती आणि आपली माती, सारी एकाच तुळईवर!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाचे मान ६.२ च्या आसपास होते, म्हणजे जगातील अतिभयंकर भूकंपांत त्याची गणना होत नाही. मग एवढा संहार का? भिंती जाड होत्या, पण मातीत बसविलेल्या गोल दगडांच्या. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारा आरपार दगड नाही. त्या फुटल्या, आणि वरचे ओझे निजलेल्यांवर आले. जेथे लाकडी सांगाडा पक्का होता, तेथे भिंती ढासळूनही छत कित्येक ठिकाणी उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दोष मातीचा नव्हता, तो न मोजलेल्या ओझ्याचा आणि न बांधलेल्या भिंतीचा होता.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. इतरत्र जुनी घरे सावरण्यासाठी अभियंत्यांनी जे सांगितले, ते कोणाही गवंड्याला कळेल असे आहे: माती उतरवून थर पातळ करा, गळतीसाठी खाली प्लास्टिकचा कागद घाला, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके लाकूड ठोका, भिंतीत आरपार दगड बसवा.

आज माळवदे कमी झाली असून पत्रे व स्लॅब आले आहेत, म्हणून हा विषय संपला असे कोणी समजू नये. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले, तेव्हा पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढा, असे प्रशासनाला लोकांना सांगावे लागले. वाऱ्यापासून राखण करणारा दगड भूकंपात डोक्यावर येतो. तेव्हा आमची विनंती एवढीच की, यंदा मृगापूर्वी घरावर चढाल तेव्हा वर काय घालावयाचे याबरोबरच खाली काय उतरवावयाचे, हेही पाहून यावे.