घाट उतरताना : स्वयंचलित मोटारीतील खालचा गिअर

मुंबई : लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली त्याहून पाचशे मीटरहून अधिक खाली. बाराशे किलो वजनाची मोटार एवढी उतरते तेव्हा पंधरा लिटरहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा खर्ची पडावी लागते. हवेचा व टायरांचा रोध त्यातील काही वाटा उचलतो. उरलेला इंजिनाने उचलला नाही, तर तो ब्रेकवर पडतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम त्यासाठीच होता. २०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओपासून क्लच पेडल नसलेल्या मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि हा नियम मागे पडला. ‘डी’मध्ये पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की अनेक गिअरबॉक्स इंधन वाचवण्यासाठी वरचा गिअर निवडतात, उतारावर हवे असते नेमके उलटे. मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोडमधील उणे खुणेचे बटण तिथे उपयोगी पडते.

ते दाबल्याने गिअरबॉक्स बिघडेल, ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. समजा, ताशी ६० किलोमीटर वेगात चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे. तिसऱ्यात ते साधारण २,८०० होतील, दुसऱ्यात ४,००० च्या आसपास. पेट्रोल इंजिनाची लाल रेषा बहुधा ६,००० च्या पुढे असते. डिझेलची मात्र बरीच अलीकडे. नवे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर नियंत्रक संगणक आज्ञाच नाकारतो.

हे संरक्षण गिअर बदलण्याच्या क्षणापुरते असते. त्यानंतर उतारामुळे वेग वाढत गेला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. इंधन तोडूनही फेरे कमी होत नाहीत. अशा वेळी काही मोटारी आपणहून वरचा गिअर घेतात, काही घेत नाहीत. म्हणून आधी ब्रेकने वेग कमी करावा, मग एकेक गिअर उतरवावा, तोही वळणात शिरण्यापूर्वी. ओल्या रस्त्यावर एकदम दोन गिअर उतरवल्यास पुढची चाके घसरू शकतात. सीव्हीटी प्रकारात प्रत्यक्ष गिअर नसतात, पायऱ्या केवळ आभासी असतात. काही मोटारींत त्याऐवजी ‘एल’ किंवा ‘एस’ एवढीच खूण आढळते.

न्यूट्रलमध्ये उतरणे हा सर्वांत वाईट पर्याय. त्यात इंधनही वाचत नाही, कारण गिअरमध्ये असताना पाय उचलला की आधुनिक इंजिनाचा इंधनपुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. ब्रेक तापल्यावर त्यातील द्रव उकळण्याचा धोका असतो. ‘डॉट ४’ दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की पेडल मऊ पडते. जुना द्रव वेळेवर बदलणे म्हणूनच महत्त्वाचे.

इंजिनाने वेग रोखला जात असताना मागचे ब्रेकदिवे लागत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. पावसाळी धुक्यात मागच्या वाहनाला सूचना मिळावी म्हणून पेडल हलकेच दाबावे. जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या तबकड्यांवर पाणी ओतल्यास त्या वाकू शकतात.