मेट्रो-३ : वाढता खर्च, कारशेडचा वाद आणि निवडणुकांचे मुहूर्त

कुलाबा-वांद्रे-सीप्झ अर्थात मेट्रो-३ हा मुंबईतील पहिला भुयारी मेट्रो मार्ग. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानके २७. त्यापैकी केवळ आरे स्थानक जमिनीवर. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१३ मध्ये प्रकल्पास मंजुरी दिली तेव्हा अंदाजित खर्च २३ हजार १३६ कोटी रुपये होता. केंद्र व राज्य यांची समान भागीदारी असलेल्या मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडे काम सोपविण्यात आले. निम्म्याहून अधिक रक्कम जपानच्या 'जायका' या संस्थेकडून कर्जरूपाने उभी करण्याचे ठरले.

भूमिपूजन २६ ऑगस्ट २०१४ रोजी झाले. विधानसभा निवडणुकीचे मतदान त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला झाले. हा निव्वळ योगायोग मानावा, तर पुढील दोन विधानसभा निवडणुकांच्या वेळीही तो चुकला नाही.

आरे वसाहतीतील कारशेड हा वादाचा मूळ मुद्दा. पर्यावरणवादी आणि स्थानिक आदिवासींचा या जागेला विरोध होता. सत्तेत सहभागी असूनही शिवसेनेने तोच सूर लावला होता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. तोवर २ हजार १४१ झाडे पडली होती. मतदान २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे हे सारे आचारसंहितेच्या काळात घडले. आचारसंहिता नव्या घोषणा, पायाभरणी व मंत्र्यांच्या हस्ते होणारी उद्घाटने रोखते. आधीच सुरू असलेल्या कामांना ती आडकाठी करीत नाही. त्यामुळेच तारखा जाहीर होण्यापूर्वीचे काही आठवडे समारंभांनी गजबजलेले असतात. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुंबईत आणखी तीन मेट्रो मार्गांची पायाभरणी केली, तर निवडणुकीची घोषणा २१ सप्टेंबरला झाली.

सत्तांतरानंतर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ नोव्हेंबर २०१९ रोजी आरेतील कामास स्थगिती दिली. आरेचीच जागा योग्य, असा निर्वाळा सौनिक समितीने दिला असतानाही ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर झाले. त्या जमिनीवर केंद्राने मालकी सांगितली आणि १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने तेथील कामही थांबविले. परिणामी भुयारे खोदली जात होती, पण गाड्या ठेवायच्या कोठे, याचे उत्तर नव्हते. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकार आले आणि कारशेड पुन्हा आरेत गेले.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३३ हजार ४०५ कोटींच्या सुधारित खर्चास मान्यता दिली. पुढे हा आकडा ३७ हजार २७६ कोटींवर पोहोचला. मूळ अंदाजापेक्षा ही वाढ १४ हजार १४० कोटींची, म्हणजे सुमारे ६१ टक्के. दर किलोमीटरचा खर्च साधारण ६९० कोटींवरून १ हजार ११३ कोटींवर गेला. या वाढीचे सारे खापर कारशेडवर फोडता येणार नाही, हे खरे. तथापि स्थगितीचा राजकीय लाभ एका पक्षाने घ्यावा, ती उठविण्याचा दुसऱ्याने आणि विलंबाची किंमत सार्वजनिक तिजोरीतून चुकती व्हावी, हा व्यवहार एकाही जाहीरनाम्यात मांडला गेला नाही.

आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा १० स्थानकांचा पहिला टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुला झाला. विधानसभा निवडणूक त्यानंतर दहाच दिवसांनी जाहीर झाली. मे २०२५ मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत पोहोचली. कफ परेडपर्यंतच्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. मुंबई महापालिकेची दीर्घकाळ रखडलेली निवडणूक त्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली.