प्रकाशाची सीमा आणि पेशीचें अंतरंग

जर्मनींतील येना शहरीं एर्न्स्ट आबे यांच्या स्मारकावर एक लहानसें सूत्र कोरलेलें आहे. सूक्ष्मदर्शकांतून किती बारीक वस्तु दिसूं शकेल, हें तें सांगतें. कार्ल झाइस यांच्या कारखान्यांत भिंगें घडविण्याच्या कामास आबे यांनीं गणिताचा पाया घालून दिला, आणि १८७३ सालीं त्या यंत्राची सीमाही दाखवून दिली. प्रकाश लाटांच्या रूपानें पसरतो. म्हणून भिंग कितीही निर्दोष असलें, तरी तरंगलांबीच्या सुमारें निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदु एकच दिसावयाचे. ही सीमा सुमारें २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पांचहजारावा भाग.

रक्तांतील तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. ती सहज दिसते. परंतु पेशींच्या आंतील सूक्ष्म नलिकांची जाडी अवघी २५ नॅनोमीटर! १९३१ सालीं इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक जन्मास आला. त्याची दृष्टि फार तीक्ष्ण. पण त्यांत निर्वात जागा लागे, व तेथें जिवंत पेशी टिकत नसे. बारकावा पाहावा तर जीव गमवावा, असा हा पेंच होता.

तो सोडविण्याची युक्ति स्टेफान हेल यांनीं फिनलंडमधील तुर्कू येथें असतां, १९९४ सालीं, एका सहकाऱ्यासह मांडली. वर्गांत सर्व मुलें एकदम बोलूं लागलीं म्हणजे एकाचेंही बोलणें उमगत नाहीं. बाकीच्यांस गप्प बसविलें कीं एकाचें स्पष्ट ऐकूं येतें. हेल यांनीं हेंच योजिलें. एका किरणानें पेशींतील रंगद्रव्याचे रेणू उजळावयाचे, लगेच कड्याच्या आकाराच्या दुसऱ्या किरणानें भोंवतालचे विझवावयाचे, आणि मध्यें उरलेला इवलासा ठिपका पेशीवरून फिरवीत चित्र उभें करावयाचें. प्रयोग साधला, तरी नामांकित नियतकालिकांनीं तो प्रबंध परत केला. २००० सालीं तो अन्यत्र प्रसिद्ध झाला.

विल्यम मोर्नर यांनीं १९८९ सालीं एकट्या रेणूचा मागोवा घेतला होता. त्याच वाटेनें पुढें जाऊन २००६ सालीं एरिक बेट्झिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थोडे थोडे रेणू आळीपाळीनें चमकवून प्रत्येकाचें स्थान मोजलें. २०१४ सालीं हेल, मोर्नर व बेट्झिग यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तत्पूर्वीं, २०१३ सालीं, बेट्झिग यांच्यासारख्याच एका रीतीनें मज्जापेशींच्या लांब तंतूंत ॲक्टिन नामक प्रथिनाचीं कडीं आढळलीं. त्यांमधील अंतर १८० ते १९० नॅनोमीटर भरलें. आबे यांच्या सीमेच्या किंचित् आंत असल्यानें ही सुबक रचना इतकीं वर्षें नजरेआड राहिली होती.

आबे यांचें सूत्र मात्र खोटें ठरलें नाहीं. प्रकाश आजही त्याच नियमानें पसरतो. सर्व रेणूंनीं एकदम चमकलेंच पाहिजे, हा नियम मात्र कोणीं घातलेला नव्हता.